दोन्हीकडे नऊ

"तो स्क्रू ड्रायव्हर आधी इकडे द्या," मी म्हटलं.

हे स्टुलावर उभे राहून फाटकाशेजारच्या भिंतीवरचा बोर्ड काढत होते. वरचे स्क्रू निघाले होते आणि बोर्ड एका बाजूनं लोंबकळत होता. 'गणित. इयत्ता दहावी. नापासांना प्राधान्य.' शेवटची ओळ ह्यांनी स्वतः हट्टानं रंगवून घेतलेली. पास होणाऱ्याला मास्तर कशाला लागतो, तो नुसतं पुस्तक वाचूनही पास होतो, असं ह्यांचं म्हणणं. आणि आता तोच बोर्ड उतरवायला निघाले होते, तेही मला न विचारता, मी आत काजं करत बसले आहे हे बघून.

ह्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"उतरता, की स्टूल ओढू?"

तेवढ्यात मुली आल्या. पुढं नेहमीप्रमाणे वकीलबाई. हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. पोरगी गेल्या वर्षी गणितात आपटली ती अभ्यास नव्हता म्हणून नाही. प्रत्येक पायरीला 'पण का?' असा विचार करत बसली आणि वेळ संपला. आता फेरपरीक्षा तोंडावर आली होती आणि ह्यांच्या आजारपणात क्लासला खंड पडला होता.

"सर, क्लास कधीपासून?" तिनं विचारलं.

हे माझ्याकडं बघायला लागले. नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं, सांग त्यांना, बंद झाला म्हणून. मी सांगितलं,

"उद्यापासून. संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला. आणि उशीर केलेला चालणार नाही."

मुली गेल्या. हे खाली उतरले, खिशातून छोटी पाटी काढली आणि खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलं, 'बोलणार कोण?'

"मी! इतकी वर्षं तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता तुम्ही लिहा आणि मी बोलते. फिट्टंफाट."

ह्यांचे खांदे हलले. ऑपरेशनपासून ह्यांचं हसू ऐकू येत नाही, खांद्यांवरून ओळखावं लागतं. बोर्ड मीच परत बसवला. जरा तिरका बसला, अजून तसाच आहे.

ह्यांचा आवाज कसा होता ते काय सांगू! शाळेत हे वरच्या मजल्यावर शिकवायचे आणि खालच्या वर्गातली मुलं उत्तरं लिहून घ्यायची, असं हेडमास्तर म्हणायचे. घरी पुढच्या खोलीत ह्यांचा क्लास, मधल्या खोलीत माझं शिलाई मशीन, आणि मध्ये नुसता पडदा. मी गणवेश शिवते, पडदे शिवते, उशांचे अभ्रे शिवते. हे सगळं शिवताना कानावर एकच घोष, 'मधल्याचं अर्धं! अर्ध्याचा वर्ग! दोन्हीकडे मिळवा!' कशाचं अर्धं आणि कसला वर्ग, मला काडीचा पत्ता नव्हता. पण चाल पाठ झाली होती. मशीनवरचा पाय त्याच तालावर चालायचा.

घरातला दुसरा घोष म्हणजे 'अगं'. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. अगं, चहा. अगं, माझा चष्मा. अगं, ऐकलंस का. माझं नाव कुणी विचारलं तर क्षणभर मलाच आठवावं लागतं. पण त्या एका 'अगं'वरून मला सगळं कळायचं. भूक लागलीय की राग आलाय, की एखाद्या ढ पोरानं अचानक बरोबर उत्तर दिलंय. ते शेवटचं 'अगं' सगळ्यात मोठं असायचं.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रासकट काढावी लागेल. ह्यांनी विचारलं, "दुसरं उत्तर आहे?" डॉक्टर म्हणाले, नाही. "मग काढा," म्हणाले. ऑपरेशनला आत नेताना ह्यांनी माझा हात धरला. म्हटलं, आता आवाजाचं शेवटचं, काहीतरी मनातलं बोलतील. तर काय म्हणाले? "अगं, गॅस बंद केलास ना?" अशा वेळेला तरी माणसानं बरं काही बोलावं की नाही!

आता गळ्याला खाली एक भोक आहे, श्वास तिथून चालतो. त्यावर घालायला मलमलीचे छोटे रुमाल मीच शिवते, शर्टाच्या रंगाला जुळणारे, मागं एक बटण. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी नवी फॅशन आहे.

दवाखान्यानं एक यंत्र दिलं होतं. मुठीत मावेल एवढं. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि नेहमीसारखं तोंड हलवायचं. मग शब्द उमटतात, पण सगळे एकाच सुरात, घरघरणारे. त्यात ना राग कळतो ना लोभ. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मुलगा, सूनबाई आणि नात भेटायला आले. ह्यांनी यंत्र लावलं आणि नातीला म्हणाले, "ये." पोरीनं टाळ्याच पिटल्या. "आजोबा रोबो झाले! परत बोला ना, आजोबा, परत बोला!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला गंमतच वाटली. सूनबाईला मात्र कुठं तोंड लपवू असं झालं. ह्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, यंत्र माझ्या हातात दिलं आणि पाटीवर लिहिलं, 'टाकून दे.'

मी टाकलं नाही. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डब्याशेजारी ठेवलं आणि आठवणीनं चार्ज करत राहिले. न वापरलेलं मशीन खराब होतं, हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हापासून घरात हाक म्हणजे पेल्यावर चमचा. टिंग टिंग झालं की मी उठायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "मी काय हॉटेलातला वेटर आहे?" तर पाटीवर लिहिलं, 'वेटर लवकर येतो.'

तर क्लास सुरू झाला. हे फळ्यावर लिहायचे आणि मी गळ्यात टेप अडकवून शेजारी उभी राहून वाचायचे. धडा वर्गसमीकरणांचा होता. क्ष नावाची एक संख्या असते, ती दडून बसलेली असते, तिला शोधायचं. नव्या पुस्तकात तिचं नाव एक्स आहे, पण ह्यांच्या फळ्यावर ती क्षच राहिली. सुरुवातीची उदाहरणं सोपी होती, अवयव पाडायची. "गुणाकार बारा आणि बेरीज सात, असे दोघं कोण?" मी विचारायचे, मुली ओरडायच्या, "तीन आणि चार!" की गाठ सुटली.

माझं तोंड मुळातच मोठं. दम भरायचं कामही मीच घेतलं. "वही बघू. हे अक्षर आहे की उसवलेली शिवण?" वकीलबाईनं 'पण का?' म्हटलं की हे भराभर फळ्यावर कारण लिहायचे आणि मी ते वाचून दाखवायचे. मला त्यातलं काही समजत नव्हतं. पण बातम्या रेडिओला तरी कुठं समजतात!

असं सगळं छान चाललं होतं, आणि एका दुपारी ह्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. छोटी पाटी, म्हणून पुसून पुसून लिहिलं. 'अवयव पडतात तोवर ठीक आहे. आता अवयव न पडणारी येतील.' पुसलं. 'तिथं वाचून भागत नाही. मुलांच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं.' पुसलं. 'तिथं क्लास बंद.'

"आणि वकीलबाईचं काय?"

'दुसरे क्लास आहेत. सूत्र पाठ करून घेतील.'

"सूत्र तिला पाठच आहे. पेपर हातात पडला की पाठ केलेलं उडतं, म्हणून तर ती तुमच्या दारात आली."

ह्यांनी पाटी पालथी घातली. म्हणजे विषय संपला.

माझा विषय संपला नव्हता. दवाखान्यातून आल्यावर हे खिडकीशी बसून राहायचे, समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत. बसल्याबसल्या माणूस लहान होत चालला होता. हे मी उगाच म्हणत नाही, ह्यांच्या शर्टाच्या शिवणी मीच आत घेत होते. क्लास सुरू झाल्यापासून एकाही शर्टाला हात लावावा लागला नव्हता. क्लास बंद झाला असता तर तो खांब परत समोर येऊन उभा राहिला असता. ते मी होऊ देणार नव्हते.

"मला शिकवा मग," मी म्हटलं.

'तुला?'

"हो, मलाच. बाहेर लिहिलंय ना, नापासांना प्राधान्य? मी सातवीत गणितातच गेलेय."

ह्यांनी पाटी पुसली. मग उठले आणि माझ्या कापायच्या टेबलापाशी आले. पाटीवर लिहिलं, क्षचा वर्ग अधिक सहा क्ष, बरोबर वीस.

मी लगेच कामाला लागले. "वीसचे अवयव पाडू. चार आणि पाच. दोन आणि दहा. एक आणि वीस." वीस अलीकडं आणले की वजा होतात, म्हणून इथं बेरीज नाही, फरक हवा होता सहाचा. कुणाच्यातच सहाचा फरक निघेना. "अहो, हे काही जुळत नाही."

ह्यांनी मान डोलावली. हेच तर ते. न जुळणारं.

मग ह्यांनी माझ्या चिंध्यांच्या पिशवीत हात घातला. गणवेशाच्या निळ्या कापडाचा एक चौकोन कापला, चारी बाजू सारख्या. पाटीवर लिहिलं, 'बाजू क्ष. म्हणून हा क्षचा वर्ग.' मग एक पट्टी कापली, लांबी चौकोनाएवढीच आणि रुंदी सहा बोटं. 'हे सहा क्ष.' चौकोनाला ती पट्टी लावून दाखवली. लांबडं, बेढब काहीतरी झालं, त्याचा ना रुमाल होईल ना अभ्रा. मग ह्यांनी पट्टी मधोमध दुमडली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मधल्याचं अर्धं," माझ्या तोंडून आपोआप निघालं.

ह्यांनी पट्टीचे उभे दोन तुकडे केले. तीन-तीन बोटांचे. एक चौकोनाच्या उजवीकडं ठेवला, एक खाली ठेवला. आता सगळं मिळून मोठा चौकोन होत आला होता. फक्त एक कोपरा रिकामा होता.

"अगं बाई!" मी ओरडलेच. "अर्ध्याचा वर्ग! अहो, हाच तो कोपरा! तीन बाय तीन, नऊचं ठिगळ!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. पडद्याच्या अलीकडं बसून जन्मभर ठिगळं लावली आणि पलीकडं हेही ठिगळंच लावत होते, हे मला कळलं नव्हतं. मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला. "आणि एवढी वर्षं मला एकदा आत बोलावून हे दाखवलं नाहीत?"

'तू कधी विचारलं नाहीस.'

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

मी लाल कापडाचं ठिगळ कापलं आणि कोपऱ्यात टाचलं. चौकोन कसा देखणा दिसायला लागला. हे खडूनं पाटीवर काहीतरी लिहीत होते, त्याखाली दोन रेघा ओढत होते, पण तोवर दारात पडद्यांची गिऱ्हाईकबाई येऊन उभी राहिली. "कळलं, कळलं," मी म्हटलं, "चौकोन पूर्ण झाला की झालंच. उद्या मीच शिकवते, तुम्ही बघा नुसते." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी हे खरंच मागं बसले. पडद्याजवळ स्टुलावर, मुलींच्या पाठीमागं, हातात पेला आणि चमचा. पाटीवर मला आधीच लिहून दाखवलं होतं, 'जमलं तर क्लास चालू. नाही तर बंद.' आणि शर्टाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हरची मूठ डोकावत होती. मी पाहिली. मला काय धमकी देता, असं मनात म्हणून मी फळ्यापुढं उभी राहिले.

आणि सांगते, काय शिकवलं मी! निळा चौकोन टाचण्यांनी फळ्यावर लावला. शेजारी सहा बोटांची पट्टी लावली. मुली वह्या विसरून बघत राहिल्या. पट्टी हातात घेऊन सगळ्यांसमोर कात्रीनं सर्रकन उभी कापली. "मधल्याचं?" "अर्धं!" दोन्ही तुकडे दोन बाजूंना लावले. "आता काय उरलं?" "कोपरा!" "केवढा?" "तीन त्रिक नऊ!" मी लाल ठिगळ टाचलं आणि मागं सरले. चौकोन पूर्ण. एकीनं तर टाळी वाजवली.

"आता ह्या अख्ख्या चौकोनाची बाजू किती?"

"क्ष अधिक तीन!"

"म्हणजे क्ष अधिक तीनचा वर्ग. बरोबर किती?"

फळ्यावर कालच्याच उदाहरणात बरोबरच्या उजवीकडं वीस लिहिलेले दिसत होते. "बरोबर वीस!" मी ठणकावून सांगितलं.

टिंग टिंग.

"चहा नंतर!" मी म्हटलं. "म्हणून, क्ष अधिक तीन बरोबर वीसचं वर्गमूळ."

टिंग टिंग टिंग टिंग.

"देते हो, जरा दम धरा. धडा संपू दे." मुली खुदखुदल्या. हे मागं उभे राहून दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, शाबास म्हणतायत. म्हणून मला आणखी जोर चढला. मुलींतल्या एका चष्मेवालीनं कॅल्क्युलेटरवर वीसचं वर्गमूळ काढलं, चार पूर्णांक सत्तेचाळीस शतांश. त्यातून तीन गेले. "क्ष बरोबर एक पूर्णांक सत्तेचाळीस शतांश. लिहा. सुटलं!"

"काकू," वकीलबाई म्हणाली, "ताळा करून बघू?"

"बघ की खुशाल."

तिनं बटणं दाबली. कपाळाला आठी पडली. परत दाबली. "काकू, अकरा येतायत. जवळजवळ अकरा."

"मग?"

"वीस यायला हवेत."

"नीट कर. घाईनं चुकलं असेल."

"दोनदा केलं. अकराच येतायत." आणि मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "नऊ कुठं गेले, काकू?"

सगळ्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. मी फळ्यावरच्या कापडाकडं बघितलं. चौकोन तर पूर्ण होता. कुठं सुरकुती नव्हती, कुठं तिरका नव्हता. मी मदतीसाठी मागं पाहिलं, तर स्टूल रिकामं. पेला खाली ठेवलेला आणि पडदा हलत होता.

गेले, म्हटलं. बोर्ड काढायला गेले. मधल्या खोलीतूनही बाहेर जायला दार आहे. संपलं सगळं, आणि ते मीच संपवलं, ह्या मेल्या जिभेनं.

पण बाहेरून काही आवाज आला नाही. आवाज आला तो आतून. माझ्या मशीनचा ड्रॉवर अर्ध्यात अडकतो, त्याला वर उचलून ओढावं लागतं. ते करकरणं मी झोपेतही ओळखीन.

पडदा सरला. हे आले ते सरळ फळ्यापाशी. मुलींकडं तोंड केलं, हनुवटी वर केली, गळ्यावरचा रुमाल जरा बाजूला सारला आणि यंत्र टेकवलं.

"दोन्हीकडे."

असं काही यंत्र असतं हेच मुलींना माहीत नव्हतं. ह्यांनी बोट उचलून लाल ठिगळावर ठेवलं आणि मला विचारलं, एकेक शब्द सुटा सुटा, मध्ये श्वास घेत, "हे ठिगळ. कुठून आणलंस?"

"चिंध्यांच्या पिशवीतून," मी म्हटलं.

"गणितात. चिंध्यांची पिशवी. नसते."

मग ह्यांनी खडू घेतला. डावीकडच्या ठिगळाखाली नऊ लिहिले, आणि उजवीकडं, त्या वीसच्या शेजारी, अधिक नऊ लिहिले. "इकडे नऊ. तर तिकडेही नऊ."

बस्स, एवढंच. कपड्याला ठिगळ लावताना ते आलं कुठून ह्याचा कोण विचार करतं? भोक दिसलं की ठिगळ लावायचं. पण इथं मध्ये बरोबरचं चिन्ह होतं. एका बाजूला घातलं आणि दुसऱ्या बाजूला घातलं नाही, तर ते बरोबर कसलं? हे ह्यांनी आदल्या दिवशी लिहून दाखवलं होतं, खाली दोन रेघा ओढून. मी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात वकीलबाईनं हात वर केला. माझ्या हातात अजून कात्री होती. मनात म्हटलं, ही पोरगी आता हसली किंवा भलतंसलतं काही बोलली, तर मी हिला दारातून बाहेर काढीन, परीक्षा गेली खड्ड्यात.

"सर," ती म्हणाली, "परत एकदा सांगा ना. पिशवीच्या पुढचं मला नीट लिहून घेता आलं नाही."

परत बोला म्हणून नातही म्हणाली होती. पण ही खाली मान घालून वहीवर पेन टेकवून वाट बघत होती. तिला आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं, तिला वाक्य हवं होतं. ह्यांनी यंत्र पुन्हा टेकवलं आणि सगळं परत सांगितलं, आणखी सावकाश. तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतला.

"म्हणजे वीस नाहीत, एकोणतीस!" ती एकदम ओरडली. "क्ष अधिक तीन बरोबर एकोणतीसचं वर्गमूळ! तेच नऊ, सर! सापडले!"

सगळ्यांनी भराभर खोडून लिहिलं. चष्मेवालीनं कॅल्क्युलेटर उचलला आणि म्हणाली, "पाच पूर्णांक तीन आठ पाच... सर, हे संपतच नाही."

"नाही संपत," हे म्हणाले. "तसंच ठेव. छपराखाली." आणि फळ्यावर एकोणतीसवर वर्गमुळाचं चिन्ह काढून त्याची आडवी रेघ चांगली लांबवली. मुली हसल्या. ह्यांच्या विनोदाला पूर्वी हसायच्या तशाच. ह्यांचे खांदे हलले.

"पण सर, संपत नाही म्हणजे उत्तर अर्धवटच ना? का नाही?" अर्थात वकीलबाई.

"अर्धवट नाही. पुरतं आहे. फक्त. लिहून. संपत नाही."

दुसरं उत्तर वजा निघालं. मी म्हटलंच, "वजा लांबीचं कापड मला कुणी आणून दाखवावं." तर हे म्हणतात, "कापडाला नको. समीकरणाला हवं." म्हणजे आवाज जाऊन परत आला तो मला उलट उत्तर द्यायलाच.

त्या दिवशी क्लास वेळेच्या पुढं चालला. यंत्र शेवटपर्यंत टिकलं. मुली गेल्यावर ह्यांनी ते हातात फिरवून पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, 'चार्ज कुणी केलं?'

"उंदरांनी," मी म्हटलं.

रात्रीच्या फोनवर सूनबाईला सगळं सांगितलं, तर ती म्हणते, "आई, तुम्ही मुद्दाम चुकलात ना? बाबांनी बोलावं म्हणून?" मुद्दाम चुकायला आधी बरोबर यावं लागतं, बाई. मी खरोखरच चुकले होते, आणि सगळ्यांदेखत चुकले होते. माझं तोंड त्या दिवशी कसं पडलं होतं ते माझं मला ठाऊक. पण मी बरोबर शिकवलं असतं तर हे मागच्या स्टुलावरच बसून राहिले असते, हेही खरंच.

पण फोन नंतरचा. त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. मुली गेल्यावर हे माझ्या मशीनपाशी आले. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, ड्रॉवर वर उचलून ओढला आणि यंत्राच्या रिकाम्या जागी तो ठेवून दिला. काही लिहिलं नाही. यंत्र खिशात टाकून आत स्वयंपाकघरात गेले.

मी गिऱ्हाईकबाईंचा पडदा घेतला आणि दुमड मारायला बसले. आतून डबे उघडल्याचे आवाज येत होते. साखर शोधत असणार. समोर असलेली वस्तू ह्यांना कधी दिसत नाही. आता चमचा वाजेल, म्हटलं. चमचा वाजला नाही.

"अगं."

माझा पाय मशीनवर थांबला.

एकसुरी, घरघरणारं. ह्यातून भूक कळत नव्हती, राग कळत नव्हता, काहीच कळत नव्हतं. पहिलं 'अगं' गेलं ते गेलंच, ते आता कधी ऐकू यायचं नाही, हे मला त्या क्षणी नीट समजलं. खोटं कशाला सांगू, रडू फुटलं. पडद्याच्या कोऱ्या कापडावर पडू नये म्हणून मी तोंड बाजूला केलं.

साखर कुठल्या डब्यात आहे ते मला बसल्या जागेवरून सांगता आलं असतं. मी ओ दिली नाही. म्हटलं, परत एकदा म्हणू दे.